उपरण्याखालचा हात

त्र्यंबकशेठ वारले तेव्हा अकोल्याच्या कापूस बाजारात अर्धा दिवस कामकाज बंद ठेवलं होतं, असं मला एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं. मी म्हटलं, अर्धा दिवस जरा जास्तच झाला. तो बिचारा गोंधळला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं मीच त्याला कधी तरी वर्गात शिकवलं असणार. शिकवलं असेलही. पण शेठ मेले म्हणून मी माझं मत का बदलावं? ते काही सुधारून मेले नाहीत.

आडनाव सांगत नाही. त्यांचे नातू अजून व्यापारात आहेत आणि भली माणसं आहेत असं ऐकतो. अकोल्याच्या जुन्या शहरात शेठचं तीन मजली घर होतं, दर्यापूरला सरकी काढायचं कापसाचं जिन होतं, आणि दर्यापूरच्या ज्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचो त्याच्या मंडळाचे ते अध्यक्ष होते. स्वतः चौथीच्या पुढे गेले नव्हते. त्याचं मला काही नाही, माझे वडीलही फारसे शिकलेले नव्हते. पण शेठना शिक्षणाचा मनापासून तिटकारा होता, आणि शिकवणाऱ्यांचा त्याहून जास्त. 'मास्तर' हा शब्द ते असा उच्चारत की ऐकणाऱ्याला आपल्या सदऱ्यावर काही सांडलंय की काय असं वाटावं.

सदऱ्याकडे त्यांचं लक्ष असायचंच. माणूस समोर आला की शेठ आधी त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरत. कापसाच्या व्यापाऱ्याची ही सवय, बोंड हातात आलं की बोटांनी धागा ओढून त्याची लांबी पाहायची. शेठ माणसालाही तसंच ओढून पाहत. कापड भारी निघालं तर "या, गादीवर बसा." मधलं निघालं तर बाक दाखवायचे. आणि जाडंभरडं निघालं की माणूस दारातच उभा. अमरावतीहून बी.टी. होऊन मी नोकरीसाठी त्यांच्यापुढे गेलो तेव्हा त्यांनी माझं प्रमाणपत्र बघितलंच नाही. बाही चोळून पाहिली आणि म्हणाले, "गिरनीचं हाये. बसा तठी." मी बाकावर बसलो. पुढे टेरिलिन आलं आणि त्यांच्या बोटांचा सगळा अंदाज चुकायला लागला. एकदा एस.टी.चा एक कंडक्टर लग्नातला शर्ट घालून आला होता, त्याला त्यांनी गादीवर बसवून दूध-साखर घातलेला चहा पाजला. तो कंडक्टर आहे हे कळल्यावर शेठ दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

आता बाजारातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. कापसाच्या खरेदीत तेव्हा हत्ता चालायचा. म्हणजे घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्याच्या अडत्यानं हातात हात घ्यायचा, वर उपरणं टाकायचं, आणि आत एकमेकांची बोटं धरून, दाबून भाव ठरवायचा. तोंडानं एक अक्षर नाही. बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला काही कळू नये म्हणून ही सोय. ज्याचा कापूस त्या शेतकऱ्यालाही काही कळायचं नाही, ही त्यातली आणखी मोठी सोय. पण एक होतं. बोट दाबून दिलेला शब्द मोडायचा नाही. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही, तरी दुसऱ्या दिवशी भाव कोसळला तर घेणारा ठरला तोच भाव देणार. हत्त्यात खोटं करणाऱ्याला बाजारात पुन्हा कोणी हात देत नसे. आणि हे लिहिलंच पाहिजे की व्यापारात त्र्यंबकशेठनं हत्ता कधी मोडला नाही. वजनात, ओलसर मालात, मापाड्यांशी संगनमतात जे करायचं ते करत असतील, पण हात दिला की दिला. माझ्याजवळ त्यांच्याबद्दल चांगला शब्द होता तो हा, आणि तो इथे संपला.

राज्य द्विभाषिक होतं त्या दिवसांत त्यांना आमदारकीचं तिकीट मिळालं. का मिळालं, याचं कोडं नको. पक्षाला जीपगाड्या हव्या होत्या आणि शेठजवळ जीपगाड्या होत्या. तोवर राजकारणाबद्दल त्यांचं मत एवढंच होतं की ते रिकामटेकड्यांचं काम आहे. तिकीट मिळाल्यावर त्यांनी मिलचं धोतर सोडून खादी धरली. खादी अंगाला टोचते म्हणून आतून मलमलची बंडी घालत. ती गळ्याशी डोकावायची आणि ते ती सारखी आत ढकलायचे. पुढची दहा वर्षं मी त्यांना ती आत ढकलताना बघितलं.

दर्यापूरच्या बाजारात त्यांची पहिली प्रचारसभा झाली. शेठ उभे राहिले, माइकच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "भावायनो." मग थांबले. लोकही थांबले. शेठनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा आपल्या मुनिमाकडे पाहिलं, आणि खाली बसले. टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, गडी पडला. पण शेठ व्यासपीठावरून उतरले, गर्दीत शिरले आणि त्यांनी ज्याचा त्याचा हात हातात घेऊन वर उपरणं टाकायला सुरुवात केली. आत बोट दाबायचं, डोळ्यांत बघायचं, आणि हळूच म्हणायचं, "होऊन जाईन. काहून घाबरून राह्यले?" कुणाला रस्ता हवा होता, कुणाला पोराची नोकरी, कुणाला भावकीच्या भांडणात आधार. जो तो चेहरा उजळून गर्दीतून बाहेर यायचा आणि शेजाऱ्याला सांगायचा, "शेठनं हात देला."

हे आमच्याच भागात होऊ जाणे. पुण्याच्या किंवा मुंबईच्या माणसाला कुणी उपरण्याखाली बोट दाबलं असतं तर त्यानं हात झटकला असता. इथे पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवलेला माणूस, त्याच्या मनात हत्ता म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भाषण देणाऱ्याचा त्याला भरवसा नव्हता. हात देणाऱ्याचा होता. शेठ भरघोस मतांनी निवडून आले.

विधानसभेत त्यांनी काय केलं, तर बसले. मुंबईचं अधिवेशन असो की पुढे नागपूरचं, हा गृहस्थ कधी कशावर बोलल्याचं ऐकिवात नाही. मुंबईहून आले की आमदार निवासातल्या जेवणाच्या तक्रारी तेवढ्या सांगत. ठेचा मिळत नाही, भाकरी मिळत नाही, वरणात गूळ घालतात. एवढा एकच प्रश्न त्यांनी जिवाच्या आकांतानं मांडला असेल, तोही सभागृहाबाहेर.

एकदा एक मंत्री अमरावतीला आले होते. ते देशावरचे, हसतमुख, गोरेपान. शाळेच्या अनुदानाचं बोलायला शेठ हेडमास्तरांना आणि मला घेऊन विश्रामगृहावर गेले. हेडमास्तरांनी वाटेत सगळी माहिती तीनदा सांगितली होती. शेठ आत गेले आणि नमस्कार झाल्याबरोबर मंत्र्यांचा हात हातात घेऊन त्यांनी त्यावर उपरणं टाकलं. मंत्री दचकले. त्यांनी हात ओढून घेतला आणि तळवा उघडून आत काही ठेवलंय का ते बघितलं. काहीच नव्हतं. मला आजही ठरवता येत नाही की त्यांना राग आपल्या हातात काही ठेवायचा प्रयत्न झाला म्हणून आला, की काहीच ठेवलं नाही म्हणून आला. "काय हे?" ते म्हणाले. शेठनी बंडी आत ढकलली आणि म्हणाले, "काई नाई साहेब, आमच्याकडची रीत हाये." अनुदानाचा विषय निघालाच नाही. परत येताना जीपमध्ये शेठ हेडमास्तरांवर डाफरले, "तुमी काहून बोलले नाई?"

इथवरचं मी हसून सांगतो आणि लोक हसून ऐकतात. यापुढचं हसण्याचं नाही.

आमच्या शाळेत गणित शिकवायला तायडे मास्तर होते. दर्यापूरपासून काही कोसांवरच्या सावरगावचे. घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा तायडे कॉलेजात होते. दीक्षेनंतर वस्तीनं गावकीची जुनी कामं सोडली. मेलेली ढोरं ओढणार नाही, असं सांगितलं. गावच्या पाटलानं त्याला एकच उत्तर दिलं, पाणी बंद केलं.

हा सगळा भाग खारपाणपट्टा. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की नासतं. सावरगावात गोड्या पाण्याची विहीर एकच, नाल्याच्या काठी, पाटलाच्या मळ्यात. पूर्वी वस्तीतल्या बायका लांब उभ्या राहायच्या आणि कुणी तरी वरून त्यांच्या घागरीत ओतायचं. त्यातला अपमान आता सांगायला नको. पण पाणी मिळायचं. दीक्षेनंतर तेही थांबलं. बायका पूर्णेच्या पात्रात जाऊन वाळूत झिरा खणून, वाटीनं घागर भरून आणू लागल्या. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय गुडघाभर रुतायचे, तेव्हा जाणंही शक्य नसायचं. मग वस्तीतल्या विहिरीचं खारंच प्यायचं. तायडे मास्तरांची आई कौतिकाबाई, साठीच्या घरातली, रोज नदीवर जायची. मास्तरांनी दर्यापूरला खोली घेतली होती. 'इथे ये, इथे नळ आहे' म्हणून ते आईच्या हातापाया पडायचे. ती म्हणायची, "मी आले त पाटील म्हनन, पान्यानं पळवली. मी नाई येत."

मी रविवारी कधी कधी त्यांच्याबरोबर जायचो. एकदा तिनं मला चहा दिला, तो बिनदुधाचा. म्हणाली, "दूध घालून नासवाचं कशाले?" असं सरळ, तक्रार न करता म्हणाली. मी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

मग नळयोजनेची बातमी आली. नदीकाठच्या मोठ्या विहिरीतून नळानं पाणी आणून आसपासच्या गावांना द्यायचं असं ठरलं. सावरगावात नळ कुठे कुठे बसवायचे हे आमदारांच्या शिफारशीवर होतं. पाटलाच्या दारात एक आणि देवळापुढे एक, हे न बोलता ठरलेलंच होतं. प्रश्न तिसऱ्याचा होता. तो बौद्धवाड्यात बसला तर पाटलाच्या विहिरीचा धाक तायडेंच्या आईच्या लेखी संपला.

तायडे मास्तर शेठना भेटायला जिनावर गेले तेव्हा शाळेच्या कागदांवर अध्यक्षांची सही घ्यायला मीही गेलो होतो. शेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते, आणि त्यांच्या उजवीकडे सावरगावचा पाटील आधीच बसलेला होता. शेठनी तायडेंची बाही नेहमीसारखी चोळली नाही. निवडणूक जवळ होती. "या मास्तर, या, बसा अठी," म्हणून त्यांनी तायडेंना डावीकडे गादीवर बसवलं. तायडेंनी विषय काढला. नळ, वस्ती, आई, सगळं नीट मांडलं. पाटील भिंतीकडे बघत होता. शेठनी लांबलचक उपरणं मांडीवर पसरलं. डावा हात त्याखाली तायडेंच्या हाताकडे गेला. उजवा पाटलाच्या हाताकडे गेला. मी समोरच्या बाकावरून बघत होतो. एका उपरण्याखाली दोन ठिकाणी कापड हलत होतं. "होऊन जाईन," शेठ म्हणाले, कुणाकडेच न बघता. दोघंही खूश होऊन उठले.

बाहेर आल्याबरोबर मी तायडेंना म्हटलं, "अहो, त्यानं त्याच वेळी पाटलालाही हात दिलाय. मी बघितलं."

तायडे थांबले, माझ्याकडे बघितलं आणि हसले. "सर, तुमी अमरावतीचे. तुमच्या घरी कापूस कधी आला नाही. हत्त्यात कोनी खोटं करत नसते. पाटलाचं काही दुसरं काम असन."

एवढं गणित शिकलेला माणूस. पण त्याच्या बापानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला होता आणि बाजारात हत्त्याचा शब्द मोडलेला एकदाही बघितला नव्हता. त्याला मी काय समजावणार?

नळ आला. खरोखर आला. बौद्धवाड्याच्या तोंडाशी विटांचा ओटा बांधला, त्यावर लोखंडी नळ बसवला, ओट्याला चुना लावला. उद्‌घाटनाला शेठ स्वतः आले, बरोबर फोटो काढणाराही होता. अख्खी वस्ती धुतलेले कपडे घालून जमली. शेठनी नळ फिरवला आणि पाणी आलं. गोडं, गार, धार बांधून. बायका ओरडल्या. कौतिकाबाईनं पहिला लोटा भरला आणि शेठच्या हातात दिला. शेठनी तो तोंडाला लावून गटागटा रिकामा केला. वस्तीतलं पाणी आमदार प्याला, म्हणून टाळ्या पडल्या. फोटो निघाला. कौतिकाबाई नळाखाली हात धरून उभी राहिली आणि पाणी नुसतं बोटांवरून जाऊ देत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही. मलाही भरून आलं. मी मनात शेठची माफीसुद्धा मागितली, ती आता परत घेतो.

दिवस मावळायच्या आत नळ आटला. दुसऱ्या दिवशी थेंब नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पाटलाच्या दारातल्या नळाला धो धो पाणी होतं, देवळापुढच्याला होतं. मग वस्तीतल्या माणसांनी ओट्यामागे खणून पाहिलं. नळाचा पाइप जमिनीत शिरत होता, कुंपणापर्यंत जात होता, आणि तिथे संपत होता. गावातल्या नळाशी तो कुठेच जोडलेला नव्हता. उद्‌घाटनाच्या दिवशी कुंपणापलीकडे ताडपत्री टाकलेली एक बैलगाडी उभी होती. कंत्राटदाराचं सामान असेल असं समजून कुणी तिच्याकडे बघितलं नव्हतं. त्या गाडीवर पाण्याची टाकी होती आणि पाइप तिला जोडलेला होता. भरली होती पाटलाच्या विहिरीवरून. कार्यक्रम आटोपला आणि गाडी गेली.

तायडे पाटलाकडे गेले. पाटील ओसरीवर तंबाखू मळत होता. म्हणाला, "शेठनं दोघायचाही शब्द राखला, मास्तर. तुले नळ पायजे होता, नळ भेटला. मले पानी जाऊ द्याचं नव्हतं, नाई गेलं. आता काहून बोंबलून राह्यला?"

मी पुष्कळ हलकट माणसं बघितली आहेत. शाळेच्या मंडळावर काम केलं की ती बघायला मिळतात. पण लबाडीतसुद्धा हिशेब चोख ठेवणारा हा एकच. दोन्हीकडे दिलेला हत्ता त्यानं पाळला होता, आणि त्यात म्हातारीच्या घशाला कोरड पडली होती.

तायडे, कौतिकाबाई आणि मी अकोल्याला गेलो. जुन्या शहराच्या गल्लीतून त्यांच्या घराचे जिने चढताना कौतिकाबाईला धाप लागली, पण ती कुठे टेकली नाही. शेठ दिवाणखान्यात होते. आम्हाला पाहून त्यांना जराही संकोच वाटला नाही. "या, या मास्तर," म्हणून त्यांनी तायडेंचा हात धरला आणि उपरणं पुढे ओढलं.

"हात भाईर काढ, बापा," कौतिकाबाई म्हणाली.

शेठ थबकले. "काय म्हनते बाई?"

"म्हनलं, हात भाईर काढ अन तोंडानं बोल. या सायबापुढं बोल. पानी देतो की नाई?"

शेठनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बंडी आत ढकलली. तोंड उघडलं. खरं सांगतो, मला वाटलं आता हा माणूस बोलेल, हो तरी म्हणेल नाही तरी म्हणेल. ते म्हणाले, "चहा सांगू का?"

"चा घरी बी होते. मले पानी पायजे."

"होऊन जाईन," शेठ म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले.

आम्ही जिना उतरत होतो तेव्हा त्यांनी मला एकट्याला वर बोलावलं. मी गेलो ते त्यांना चार शब्द सुनवायच्या तयारीनं. ते खिडकीपाशी उभे होते. म्हणाले, "तुमी शिकले-सवरलेले हा, म्हनून सांगतो. बाजारात शब्द मोडला त दुसऱ्या दिवशी कोनी हात देत नाई. अठी पाच वर्साची सवड हाये. तवर मानूस इसरून जाते." त्यांच्या बोलण्यात ना लाज होती ना मिजास. एखादा दुकानदार नव्या नोकराला धंद्याची खुबी सांगतो तसं ते मला सांगत होते. सुनवायचे चार शब्द तसेच घेऊन मी जिना उतरलो. ज्याला लाजच नाही त्याला शब्दांनी मारणार कुठे?

वस्तीच्या नळाला पाणी कधी आलं ते आधीच सांगून टाकतो. आलं, पण ते शेठमुळे नाही. तायडे मास्तर वस्तीतल्या बायामाणसांना घेऊन, रिकाम्या घागरी पुढ्यात मांडून, अमरावतीला कलेक्टर कचेरीसमोर बसले. नोकरी जाईल असं मंडळानं कळवलं, तरी उठले नाहीत. कचेरीतल्या लोकांना रोज त्या घागरी ओलांडून आत जावं लागायचं. शेवटी पाइप जोडला गेला. पण हे सगळं पुढे. तोवर आणखी एक निवडणूक येऊन गेली, आणि तिच्याच धामधुमीत मी त्र्यंबकशेठना शेवटचं बघितलं. त्या खेपेलाही ते निवडून आले, हेही सांगायला हवं. जगात न्याय आहे असं मी वर्गात शिकवायचो, ते पाठ्यपुस्तकात होतं म्हणून.

तायडेंना मुलगी झाली होती आणि तिचं नामकरण आजीच्या घरी ठेवलं होतं. सावरगावात भर दुपारी वस्ती मांडवाखाली जमली होती. ऊन तापायला लागलं होतं. तेवढ्यात धूळ उडवत प्रचाराची जीप आली आणि शेठ उतरले. मांडव बघून त्यांना आयतीच सभा मिळाली. त्यांनी चोहीकडे हात जोडले आणि तायडेंकडे वळून हात पुढे केला. तायडेंनी दोन्ही हातांत मुलीला धरलं होतं. ते तिला तसंच धरून उभे राहिले.

शेठनी हात मागे घेतला, कपाळ पुसलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पानी आना वं माय, कोनी." ही त्यांची नवी युक्ती होती. प्रत्येक बौद्धवाड्यात जायचं, चारचौघांत पाणी मागायचं आणि प्यायचं. जीपमधली पोरं मग घोषणा देत.

कौतिकाबाई उठली, आत गेली आणि लोटा भरून आली. वस्तीतल्या विहिरीचं खारंच पाणी, त्या दिवशी घरात दुसरं नव्हतंच. शेठनी लोटा वर धरला आणि मान मागे टाकून वरून धार सोडली. पाणी ओठांवर पडलं, हनुवटीवरून गळ्यावर आलं आणि खादीत मुरलं. एक घोट आत गेला नाही. मी समोरच होतो. लोटा रिकामा झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "वा! गोड हाये पानी."

मग मागे बसलेली एक पोरसवदा सून फिसकन हसली, आणि पाठोपाठ सगळा मांडव हसायला लागला. म्हातारे हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या, तायडेंच्या हातातली मुलगी दचकून रडायला लागली. शेठही हसले, त्यांना वाटलं हसायची गोष्ट असेल. जीपमधल्या पोरांनी घोषणा दिली नाही.

कौतिकाबाई तेवढी हसली नाही. तिनं त्यांच्या हातातून लोटा घेतला, आत गेली आणि पुन्हा काठोकाठ भरून आणला.

"गोड हाये म्हनतं," ती म्हणाली, "त मंग आनखी घे, बापा. पोट भरून पे."

शेठनी लोट्यात पाहिलं. जीपकडे पाहिलं. ड्रायव्हरनं मान दुसरीकडे वळवली. नाही म्हणावं तर भरल्या वस्तीत, तिच्या हातचं पाणी नाकारल्यासारखं होत होतं. त्यांनी लोटा तोंडाला लावला. कौतिकाबाई समोर उभी राहून त्यांच्या गळ्याकडे बघत होती, आणि तो घोट खाली उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही.